कडव्या वालाचं बिरडं

रविवारी दुपारी पानात बिरडं हवं असेल, तर शुक्रवारी रात्री वाल भिजत पडायला हवेत. आमच्या भांडुपच्या घरात हे गणित वर्षानुवर्षं आईने एकटीने सांभाळलं. आम्ही फक्त पानावर येऊन बसायचो. वाफाळता भात, त्यावर पातळसर, हळदीच्या रंगाचं बिरडं, तळलेला पोह्याचा पापड, लोणच्याची फोड. पहिल्या घासाला कोकमाचा आंबटपणा, मग नारळाचा गोडवा आणि शेवटी जिभेच्या मागे रेंगाळणारा वालाचा कडवटपणा. आठवडाभर लोकलच्या गर्दीत घुसमटलेला माणूस हे जेवला की कसा सैल होतो, ते मी स्वतःवरून सांगू शकतो.

पुढे आईची बोटं संधिवाताने आखडली. चिमटीत दाणा धरवेना. तेव्हापासून बिरडं मी करतो आणि आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसते. भात, आमटी, पोळ्या मी आधीपासून करायचो. बिरड्याला हात लावायची वेळ कधी आली नव्हती, कारण त्याची निम्मी कामं रात्री-अपरात्री, कुणाच्या लक्षातही न येता उरकलेली असायची. कृती म्हणाल तर पाच ओळींत मावते. ती वाचून बिरडं जमत नाही असं माझं पक्कं मत झालंय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात वाल घेण्यापासूनच होते. बाजारात नुसतं 'वाल द्या' म्हटलं तर दुकानदार मोठे, पांढरट गोडे वाल पुढे करतो. त्यांची उसळ बरी होते, पण बिरड्याला कडवेच हवेत, लहान, चपटे, तपकिरी सालीचे. आईचं माहेर रेवदंड्याकडचं. तिकडे भातकापणी झाली की त्याच शेतात वाल पेरतात. जमिनीत जी ओल उरलेली असते तिच्यावरच ते पीक वाढतं, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. थंडीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा भाजायची पोपटी लागते, आणि ज्या शेंगा वेलीवरच वाळतात त्यांचे वाल वर्षभर पुरतात. मामा उन्हाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर आमच्या वाट्याची पिशवी पाठवतो. आल्या आल्या ते वाल गच्चीवर कडक उन्हात पसरायचे, गार झाले की कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याबरोबर डब्यात भरायचे. मुंबईची जूननंतरची दमट हवा कडधान्यांना मानवत नाही. जरा हयगय झाली की दाण्याला टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात आणि डब्याच्या कडेने भुंगे फिरू लागतात. जुने वाल मी घेत नाही. उष्ण, दमट हवेत दीड-दोन वर्षं राहिलेला दाणा कितीही उकळला तरी आतून कडकच राहतो.

चार माणसांना दोन वाट्या वाल पुरतात. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की ते निवडून, धुऊन कोमट पाण्यात टाकायचे, आणि पाणी चौपट तरी हवं, कारण सकाळपर्यंत दाणा दुपटीहून मोठा होतो. सकाळी ते तपकिरी झालेलं, फेसाळ पाणी ओतून द्यायचं. आई त्याला 'वालाचा कडू' म्हणते आणि झाडांनाही घालू देत नाही. कच्च्या वालात सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात. भिजवून पाणी टाकलं आणि पुढे उघड्या पातेल्यात चांगले उकळले की ती निघून जातात. आमच्या आज्या-पणज्यांना हे रसायन कुणी सांगितलं नव्हतं, पण पाणी त्यांनी न चुकता टाकलं.

यानंतरचं काम गणंग काढायचं. भिजलेले वाल परातीत पसरून त्यांवरून हलका तळवा फिरवायचा. फुगलेले दाणे हाताला मऊ लागतात, मधूनच खड्यासारखा एखादा टोचतो. तोच गणंग. त्याच्या सालीतून पाणी आत शिरलेलंच नसतं, त्याला मोड येत नाही आणि तो शिजतही नाही. आईची दृष्टी अधू झालीय, पण परात मांडीवर दिली की माझ्या हातून सुटलेले दोन-तीन गणंग ती अजूनही तळव्याने शोधून काढते. "हा बघ, आणि हा. दाताखाली आला म्हणजे माणूस पुढचा घास भीत भीत खातो."

मग वाल फडक्यात बांधायचे. आमच्याकडे त्यासाठी जुन्या धोतराचा तुकडा आहे. सुती, झिरझिरीत, इतक्या वेळा धुतलेला की पाणी क्षणात टिपून घेतो. पुरचुंडी चाळणीत ठेवायची, वर ताट, ताटावर थोडं वजन. मे महिन्यात रात्रीपर्यंत मोड डोकावतात. जानेवारीत मात्र दीड दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी फ्रीजच्या मागच्या उबेला जाते. सर्वात कठीण पावसाळा, आणि नेमकं श्रावणातच बिरडं सर्वांत जास्त व्हायचं असतं. हवेतच इतकं पाणी असतं की फडकं वाळत नाही, मोड येण्याआधी दाणे बुळबुळीत होतात आणि आंबूस वास सुटतो. त्या वासाला घरात उपाय नसतो, सगळं टाकून द्यावं लागतं. म्हणून पावसाळ्यात मी दर सहा-सात तासांनी पुरचुंडी सोडतो, वाल चाळणीतच नळाखाली धुतो, निथळू देतो आणि इस्त्री फिरवून कोरडं केलेलं दुसरं फडकं बांधतो. पंख्याचा वारा लागेल अशा जागी ठेवतो. एवढं केलं की जुलैतसुद्धा स्वच्छ, पांढरेशुभ्र मोड येतात.

मोड किती मोठा असावा, यावर आमच्या नात्यात दोन तट आहेत. आत्या म्हणते लांब हवा, दिसायला छान. आई म्हणते दाण्याच्या निम्म्याहून कमी. मी आईच्या बाजूचा. मोड वाढत गेला की दाणा गोडसर होतो, सोलताना त्याची दोन दलं सुटी होतात, आणि मग पातेल्यात डाळिंबी, म्हणजे सोललेला अख्खा वाल, राहत नाही, डाळ होते.

एका जुलैत हे सगळं आमच्या हाताबाहेर गेलं. रविवारी आत्या जेवायला यायची होती. मोड शनिवारी संध्याकाळपर्यंत बरोबर तयार होणार होते आणि रात्री मी सोलून ठेवणार होतो. दुपारी पाऊस असा काही लागला की कुर्ला आणि शीवच्या मध्ये रुळांवर पाणी चढलं, गाड्या बंद पडल्या, आणि मी रात्र परळला मित्राच्या घरी काढली. बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली. आई घरी एकटी, समोर पुरचुंडी, आणि फडक्याची गाठ सोडायला बोटं वळत नव्हती. रात्री फोनवर ती माझ्यापेक्षा वालांचीच जास्त काळजी करत होती. "तू नीट राहा रे. पण हे वाढतायत बघ, मला दिसतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो तेव्हा मोड फडक्याच्या विणीतून बाहेर आले होते, बोटाच्या पेराएवढे. ओढून काढावे तर तुटत होते. आत्याचं येणं पावसाने रद्दच झालं होतं. बिरडं होण्यासारखं नव्हतं, पण वास स्वच्छ होता, म्हणजे टाकायचं कारण नव्हतं. आईने दोन मिनिटं विचार केला आणि डाळिंबी भात करायला सांगितलं. त्यात दलं सुटी झाली तरी बिघडत नाही. तांदूळ परतून, गोडा मसाला, ओलं खोबरं, जराशी चिंच, गुळाचा खडा. वरून साजूक तूप. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आम्ही दोघं संध्याकाळी साडेपाचला जेवलो, कारण दोघांनीही सकाळपासून धड काही खाल्लं नव्हतं. तेव्हापासून हा भात आमच्या घरी मुद्दाम लांब मोड आणून केला जातो.

आता सोलणं. बिरड्याचं खरं काम हेच, आणि मला सगळ्यांत आवडतंही हेच. मोड आलेले वाल मोठ्या पातेल्यात घ्यायचे आणि त्यावर कोमटाहून जरा गरम पाणी ओतायचं, हात सहज घालता येईल इतपत. दहा-पंधरा मिनिटांत साल सुटू लागते, दाण्यावर सैल होऊन फुगते. दाणा चिमटीत धरायचा, मोडाची बाजू पुढे, आणि मागून हलकेच दाबायचं. साल बोटांत राहते आणि डाळिंबी बाहेर येते, ओलसर, फिकट पिवळी, हिरवट झाक असलेली, एका टोकाला मोडाची शेंडी. जास्त जोर दिला तर ती उडते. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिची पहिली डाळिंबी थेट आजीच्या चष्म्यावर गेली. "अगं, जीव आहे त्याला, गळा धरू नकोस," आई म्हणाली आणि तिने तिचं आखडलेलं बोट नातीच्या बोटावर ठेवून दाब किती द्यायचा ते दाखवलं. तिला ते दोन-चार दाण्यांत जमलं. मला तोंडी समजावून घ्यायला कितीतरी रविवार लागले होते.

सोललेल्या डाळिंब्या लगेच गार पाण्यात टाकायच्या, नाहीतर काळवंडतात. दोन वाट्यांना निवांत तास जातो. त्या तासात टीव्ही चालत नाही, फोन हातात घेता येत नाही, कारण बोटं ओली. मग बोलणं होतं. मामाच्या शेताच्या बांधावरून झालेलं भांडण, माझ्या वडिलांची गिरणीतली पाळी, आई लग्नानंतर पहिल्यांदा या चाळवजा घरात आली तेव्हा जिन्याखाली असलेला नळ, हे सगळं मला वाल सोलताना कळलेलं आहे. मुंबईत माणसं एकमेकांसमोर तासभर रिकाम्या नजरेने बसतील अशी जागा फार थोडी उरलीय. आमच्या घरी ती वालाच्या पातेल्याभोवती आहे.

दादरला स्टेशनाबाहेर श्रावणात सोललेल्या डाळिंब्यांचे वाटे मिळतात. त्या विकणाऱ्या बायकांनी पहाटे उठून काय कष्ट केलेले असतात ते आता मला चांगलं ठाऊक आहे, आणि भाव करायला जीभ रेटत नाही. अडल्या दिवशी मी त्या घेतो. पण एक फरक आहे. तासन्‌तास पाण्यात राहिल्याने त्यांचा कडवटपणा बराचसा उतरलेला असतो. कडवटपणा गेला की कोकम-गूळ-नारळ यांची नुसती गोड-आंबट आमटी उरते. ज्या घरात वेळ नाही तिथे काही नसण्यापेक्षा ती नक्की बरी. मात्र बिरडं पहिल्यांदाच खाणाऱ्याला मी ती देणार नाही.

शिजवण्याची तऱ्हा अशी. जाड बुडाच्या पातेल्यात तेल, मोहरी, हिंग, हळद, बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की निथळलेल्या डाळिंब्या घालायच्या आणि इथून पुढे डाव आत घालायचाच नाही. फडक्याने पातेल्याचे दोन्ही कान धरून हिसका द्यायचा, डाळिंब्या आपोआप वरखाली होतात. त्या बुडतील एवढं उकळतं पाणी घालायचं, दोन-चार मिनिटं झाकण न ठेवता खळखळू द्यायचं, मग आच मंद करून वर खोलगट झाकण आणि झाकणात पाणी. हे झाकणावरचं पाणी मोठ्या कामाचं आहे. आतली वाफ त्याला टेकून परत खाली उतरते, आणि पातेल्यात पाणी कमी पडलं तर तेच गरम पाणी ओतता येतं. गार पाणी पडलं की शिजण्याची लय तुटते आणि बाहेरून मऊ, आतून कच्ची अशी डाळिंबी होते. कुकर नको. आमच्या कुकरच्या एका शिट्टीत तिचं पीठ होतं.

साधारण वीस मिनिटांनी एक डाळिंबी बाहेर काढून दाबून बघायची. आकार शाबूत आणि आत लोण्यासारखी मऊ झाली की मगच वाटण. ओलं खोबरं, जिरं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. श्रावणी सोमवारी कांदा-लसूण दोन्ही नाही, जिऱ्या-खोबऱ्यावरच काम भागतं आणि मला तर तीच चव जास्त स्वच्छ वाटते. कोकम आणि गूळ अगदी शेवटी. यात आई कुणाचं ऐकत नाही आणि तिचं बरोबर आहे. आंबट आधी पडलं तर दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटत नाही, मग तासभर उकळा, डाळिंबी मऊ व्हायची नाही.

आणि एवढं सगळं जागच्या जागी असूनही एकदा बिरडं शिजेना. जूनचा शेवट होता, पाऊस लांबलेला, तलावांनी तळ गाठलेला, शहरात पाणीकपात चालू. भांडुपला राहणाऱ्यांना याचं जरा विशेष वाटतं. भातसा, वैतरणा, तानसाकडून येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग आमच्याच डोंगरापाशी शुद्ध होऊन शहराला जातो. तरी त्या आठवड्यात आमच्या सोसायटीला टँकर मागवावा लागला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, डाळिंब्या जशाच्या तशा. आईने पळीत दोन घेऊन यायला सांगितलं. अंगठ्याने दाबल्या, मग एक तोंडात टाकली.

"पाणी कुठलं घातलंस?"

"नळाचंच, आई."

"नळाला आज टँकरचं आलंय. सकाळच्या चहालाच मला चव वेगळी लागली होती. हे विहिरीचं पाणी आहे, जड. यात काही शिजायचं नाही."

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला घट्ट बांधतं, आंबटासारखाच परिणाम होतो. तलावाचं पाणी हलकं, म्हणून मुंबईत डाळी एरवी चटकन शिजतात आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते. शेजारच्या काकूंनी चिमूटभर सोडा घालायला सुचवलं. आईने हात जोडले. सोड्याने दाणा मऊ होतो हे खरं, पण पार विरघळतो आणि साबणासारखा वास राहतो. त्याऐवजी तिने मला दुसऱ्या टोपात पाणी दहा मिनिटं खळखळून उकळायला लावलं. ते निवू दिलं तेव्हा तळाशी आणि कडेला पांढरा थर धरला होता. वरचं निवळ पाणी अलगद ओतून घेतलं, पुन्हा गरम केलं, पातेल्यातलं जुनं पाणी काढून टाकलं आणि हे घातलं. अर्ध्या तासाने डाळिंब्या नरम आल्या. पूर्वीइतक्या लोण्यासारख्या नाहीत, पण जेवण झालं. मुलगी तोवर दूध-पोहे खाऊन झोपली होती, तिच्यासाठी वाटी झाकून ठेवली.

शेवटी नारळाचं दाट दूध, अर्धी वाटी, आणि एक हलकी उकळी. जोरात उकळलं तर दूध फुटतं आणि वर तेल-पाणी वेगळं दिसतं. गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवावं, तेवढ्या वेळात डाळिंब्या रस पितात. भात कोलमचा, जरा मऊ. आईला तांदळाची भाकरी आवडते, पण ती आता तिच्याच्याने थापवत नाही आणि माझी अजून कडेला चिरते, म्हणून भातच.

बिरडं उरेल इतकं करावं. दुसऱ्या दिवशी ते आळून घट्ट होतं आणि कडवटपणा जास्त खुलतो. गरम करताना पाणी घालू नये आणि ढवळू नये, पातेलं तसंच मंद आचेवर ठेवून मध्ये एकदा हिसका द्यावा. सकाळी साडेसहाला कोपऱ्यावरच्या बेकरीत पावाची पहिली लादी येते. लादीतले चार पाव, ते घट्ट बिरडं आणि वर कच्चा कांदा. डब्यात मात्र हे न्यायचं असेल तर कांदा वेगळ्या डबीत न्यावा, बारा वाजेपर्यंत त्याचं पाणी सुटतं.